दोघांपुरते घर

घर म्हटले की त्याला जोते हवे. जोते, भिंती, कौले, मागे परसू आणि दारात तुळस, एवढे जमल्यावाचून त्या वस्तूला घर म्हणण्याची आमच्या खानापूर भागात रीत नाही. भाड्याने घेतलेल्या जागेला आम्ही 'खोली' म्हणतो, मग त्या खोल्या चार का असेनात; आणि रानात राखणीला बांधलेली ती 'खोप'. मी स्वतः नोकरीची पहिली अकरा वर्षे खोलीत काढली. घर बांधायला काढले तेव्हा जोत्यापर्यंत येऊन पैसे संपले, आणि दोन पावसाळे ते जोते तसेच गवताखाली पडून होते. येणारे-जाणारे "मास्तरांचं घर" म्हणून त्या गवताकडेच बोट दाखवीत. अशा माणसाला २०२४ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतून लेकीचा फोन येतो आणि ती म्हणते, "बाबा, आम्ही एक छोटंसं घर बघतोय. जुनंच, पण चाकांवरचं. तुम्ही दोघं येणारच आहात, मिळून ठरवू." हिने माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारले, "चाकांवरचं म्हणजे काय गं?"

चाकांवरचे म्हणजे पॉप-अप कॅम्पर. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी ही चीज पाहिलेली नसेल, म्हणून आधी ती काय ते सांगतो. आधी व्याख्या आणि मग उदाहरण ही शिक्षकाची खोड जात नाही. मोटारीच्या मागे हुकाला जोडून ओढायची ही एक दोन चाकांची पेटी. मिटलेली असताना माणसाच्या छातीला लागेल एवढीच उंच. मुक्कामाला पोहोचल्यावर पेटीला असलेले एक हँडल विहिरीच्या रहाटासारखे फिरवायचे. आतल्या आत तारा ओढल्या जातात, चार कोपऱ्यांतले चार खांब एकात एक बसवलेल्या नळ्यांप्रमाणे वर सरकतात आणि छप्पर उचलतात. मग टेबलाचे खण ओढावेत तसे पुढचे आणि मागचे दोन बिछाने बाहेर ओढायचे, त्यांना खालून टेकू द्यायचा आणि सभोवार कॅनव्हासच्या भिंती ताणायच्या. आत एक लहानसे सिंक, दोन शेगड्या, जेवायचे टेबल. निघताना सारे उलट्या क्रमाने करायचे की पुन्हा पेटी.

मी हे सारे हिला समजावून दिले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे जत्रेची गाडीच की!" हिचे माहेर रायबागकडचे. लहानपणी चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला ही मंडळी तट्ट्याचे छप्पर घातलेल्या बैलगाडीतून जात, गाडीतच झोपत आणि गाडीच्या सावलीत तीन दगड मांडून भाकऱ्या भाजत. तिच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला. माझ्या डोक्यातून मात्र 'घर' हा शब्द जाईना.

एप्रिलमध्ये निकालपत्रके लावून आम्ही निघालो. लेक आणि जावई इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन ह्या शहरात असतात. जावई वाहनांचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात, लेक एका इस्पितळाच्या हिशेबाच्या खात्यात संगणकाचे काम पाहते. दोघेही एच-वन-बी परवान्यावर. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी चहा घेता घेता मी विषय काढला, की कॅम्पर घ्या, हौस करा, पण पक्के घर केव्हा? लेक म्हणाली, "बाबा, आमचा नंबर कुठं आहे ते माहीत आहे ना तुम्हाला?"

माहीत होते, पण अंगाला लागले नव्हते. नोकरीच्या आधारावर दरवर्षी जी ग्रीन कार्डे देतात त्यांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून अधिक जाऊ नयेत असा तिथला नियम आहे. देश लहान असो की मोठा, टक्के तेच. आपल्याकडचे अर्जदार लाखांनी, म्हणून आपली रांग वर्षांत न मोजता दशकांत मोजतात. आणि रांगेत असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला, नाहीतर देश सोडायला, साठ दिवस. आदल्या वर्षी जावयाच्या ओळखीच्या एका कुटुंबाला अशा साठ दिवसांत घर विकावे लागले होते. शाळेत जाणाऱ्या दोन मुलांसह ती माणसे नागपूरला परतली. "घर विकायला बसलं की साठ दिवस असे जातात," लेक म्हणाली. "हे आठ दिवसांत विकलं जातं. नाहीच विकलं तर कुणाला तरी देऊन टाकायचं आणि विमानात बसायचं." हे ती बिस्किटाचा पुडा फोडता फोडता म्हणाली. त्या रात्री मला झोप आली नाही ह्याचे कारण हेच होते असे मी म्हणणार नाही, विमानप्रवासाने झोपेचे वेळापत्रक तसेही उलटे झाले होते. पण जागाच होतो म्हणून विचार करीत राहिलो. आम्ही सीमाभागातली माणसे. रांगेत उभे राहणे आम्हाला नवे नाही, पण आम्ही निदान आमच्या जोत्यावर बसून वाट पाहतो.

दुसऱ्या दिवसापासून मी ह्या खरेदीत मन घातले.

पहिली गोष्ट वजनाची. मोटार किती ओढू शकते हे तिच्या पुस्तकात छापलेले असते. लेकीच्या मोटारीच्या पुस्तकात २,७०० पौंड, म्हणजे सुमारे १,२२५ किलो. हा आकडा पाहून माणूस २,६०० पौंडांचा कॅम्पर बघायला जातो आणि तिथेच फसतो, कारण विकणारा सांगतो ते रिकाम्या पेटीचे वजन. तीत पाणी भरले, गॅसची टाकी, बॅटरी, भांडीकुंडी, अंथरुणे आणि आमच्या हिने सोबत घ्यायचे ठरवलेला खलबत्ता चढवला की तीनशे-चारशे पौंड कुठे गेले कळत नाही. पेटीवर पत्र्याची एक पट्टी असते. भरल्या पेटीचे वजन जास्तीत जास्त किती चालेल ते तीवर लिहिलेले असते, आणि मोटारीच्या पुस्तकाशी ताडून पाहायचा आकडा तो. शिवाय एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर पडला पाहिजे. त्याहून हलका पडला तर पेटी हमरस्त्यावर शेपटासारखी डावी-उजवी हलू लागते. आपले गाडीवान हे शाळेत न जाता जाणत. गाडी 'उलाळ' झाली की जोखड बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, म्हणून ते पोती पुढे सरकवून घेत.

जावयाने एक तक्ता केला होता. दोनच माणसे असल्याने पेटी लहान हवी, पण फ्रिज, हीटर, बिछान्यांची लांबी, वर्ष, किंमत अशा चौदा बाबींना त्याने गुण ठेवले होते आणि बेरीज संगणक आपोआप करीत होता. मी तक्त्याचे कौतुक केले. तीस वर्षे गुणपत्रके भरणाऱ्या माणसाला बेरजेचा मोह कळतो, आणि ८६ गुणांचा मुलगा घरी कसा वागतो हे बेरजेत येत नाही हेही कळते. पण पाहुण्याने पहिल्याच आठवड्यात सारे बोलायचे नसते.

मात्र जागा योग्य होती. फोर्ट वेनपासून वायव्येला तास-दीड तासावर एल्कहार्ट नावाचे शहर आहे. अमेरिकेतल्या फिरत्या घरांपैकी फार मोठा वाटा ह्या शहराच्या आसपास तयार होतो. तिथे त्या धंद्याचे संग्रहालयदेखील आहे आणि जुन्या काळचे कॅम्पर त्यात ओळीने मांडून ठेवले आहेत. जवळच्या मिडलबरी गावात लॉइड बॉन्ट्रेगर ह्या माणसाने १९६८ साली आपल्या शेतातल्या कोंबड्यांच्या खुराड्यांत कारखाना काढला, तीच पुढे जेको ही मोठी कंपनी झाली. छप्पर वर उचलण्याची जी युक्ती मी वर सांगितली तिची एक सुधारलेली तऱ्हा त्याचीच. हा सारा मुलूख आमिश लोकांचा. काळ्या घोडागाड्या डांबरी रस्त्याच्या कडेने टापटाप चाललेल्या असतात, बायकांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या, दोरीवर वाळत घातलेल्या निळ्या-जांभळ्या कपड्यांच्या रांगा. बाहेरच्या तारांची वीज ही माणसे घरात घेत नाहीत आणि मोटारही बाळगत नाहीत, पण त्यांतले पुष्कळजण ह्या कॅम्परच्या कारखान्यांत कामाला आहेत. ज्यांना आपल्या गावातून हलायचे नाही ते हलणारी घरे बांधतात, आणि ज्यांना कुठेतरी स्थिर व्हायचे आहे अशी आमची लेक-जावई ती विकत घ्यायला निघालेली. ही गंमत मी गाडीत बोलून दाखवली. जावई हसला. लेक खिडकीबाहेर बघत होती.

तक्त्यात ८६ गुण मिळवलेला कॅम्पर आम्ही सर्वांत आधी पाहिला. बारा फुटी पेटी, फ्रिज असा की विजेवर, बॅटरीवर आणि गॅसवरही चालतो, हीटर, बाहेर अंघोळीची सोय, आणि किंमत अवघी १,५०० डॉलर. मालक सज्जन होता. दोनच वर्षांपूर्वी त्याने तो कुणाकडून तरी घेतला होता. त्याने हँडल फिरवले, छप्पर वर गेले, आम्ही आत शिरलो आणि मला आमच्या शाळेची नकाशांची खोली आठवली.

जांबोटी-कणकुंबीच्या अंगाचा पाऊस ज्याने पंचवीस-तीस वर्षे अंगावर काढला आहे त्याला ओल दाखवावी लागत नाही. आमच्या शाळेत श्रावणात चामड्याच्या फुटबॉलवर हिरवी साय येते, नकाशांच्या गुंडाळ्या उलगडल्या की कर्नाटकासह सारा देश बुरशीने भरलेला असतो. तो वास ह्या कॅम्परमध्ये होता. त्यावर लिंबाच्या वासाचा फवारा मारलेला होता एवढेच. जमिनीवर नवे कोरे लिनोलियम. पंचवीस वर्षांच्या पेटीत एवढीच एक नवी वस्तू का, असे मनात येऊन मी कोपऱ्यात वाकलो आणि अंगठ्याने दाबले. अंगठा आत गेला. मागच्या कोपऱ्यातही तेच. जावयाला मी बूट काढून कडेकडेने टाचेने दाबत चालायला सांगितले. तीन ठिकाणी पायाखाली इडलीसारखे लागले.

हा दोष थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण जुना कॅम्पर घेणारे बहुधा ह्याच ठिकाणी बुडतात. हीटर बंद असेल तर हीटर बदलता येतो, फ्रिज चालत नसेल तर बर्फाची पेटी ठेवता येते, टायर तर बदलायचेच असतात. पण छपराचा सारा भार त्या चार खांबांवर आणि खांबांचा भार खालच्या चौकटीवर आणि फळ्यांवर. तिथे पाणी मुरले की खांब झुकतात, छप्पर वाकडे उचलले जाते, वाकड्या छपराच्या फटीतून आणखी पाणी येते. दुरुस्ती म्हणजे संपूर्ण पेटी वर उचलून खालची जमीन नवी करणे. आमच्याकडे वासा कुजला की कौले उतरवून वासा बदलतात, भिंतीला हात लागत नाही. इथे भिंतच कापडाची, त्यामुळे जमीन आणि छप्पर ह्या दोहोंवरच सारे. म्हणून आत गेल्यावर आधी नाक, मग अंगठा, मग मान वर करून छपराच्या आतल्या अंगाला चहासारखे डाग आहेत का ते पाहायचे. फ्रिजकडे सगळ्यांत शेवटी.

मालकाला मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत नव्हे, चांगल्या एम. ए. च्या इंग्रजीत सांगितले. बिचाऱ्याने स्वतः येऊन दाबून पाहिले आणि तो खाली बसला. त्याचाही अंगठा दोन वर्षांपूर्वी खाली गेला नव्हता.

दुसरा कॅम्पर जावयाच्या मनात भरला. ह्याला कापडाच्या भिंतीच नाहीत. पत्त्यांचा बंगला करताना दोन पत्ते एकमेकांना टेकवतो तशी छपराचीच दोन पाखी उभी राहतात आणि दोन्ही बाजूंना त्रिकोणी भिंती लागतात, सारे टणक. उघडायला दोन-तीन मिनिटे पुरतात. कापड नाही म्हणजे वाळवणे नाही. आणि अस्वलांच्या मुलुखातही चालतो, कारण यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या फिशिंग ब्रिजच्या तळावर कापडी भिंतींच्या वाहनांना मज्जाव आहे. जावयाला यलोस्टोनला जायचे होते. किंमत ७,८०० डॉलर. सहा फुटांचा जावई मधल्या आढ्याखाली ताठ उभा राहिला, पण पाऊलभर बाजूला सरला की मान वाकवावी लागे. त्यामुळे एकजण चालू लागला की दुसऱ्याने बसायचे. आमची ही थोडा वेळ आत बसून राहिली आणि म्हणाली, "चांगला आहे हो. पण दोघांचं भांडण झालं तर जायचं कुठं?"

भांडण त्याच रात्री झाले. आम्ही दोघे स्वयंपाकघरात गरज नसलेली भांडी पुन्हा धूत होतो. बाहेरून ऐकू येत होते ते एवढेच: जावई म्हणत होता की दरवेळी स्वस्तातलं, दरवेळी तात्पुरतं, किती वर्षं असं जगायचं, एक तरी वस्तू चांगली घेऊ या. आणि लेक म्हणत होती की सात हजार आठशे अडकवून ठेवायचे, आणि तुझ्या कंपनीतून एक ईमेल आली की? दोघांचेही खरे होते. हिने नळ बंद केला, मी पुन्हा चालू केला. थोड्या वेळाने जावई आत पाणी प्यायला आला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बाबा, तुम्ही असता तर काय घेतलं असतं?"

मी म्हणालो, "जावईबापू, ज्याच्या जमिनीला ओल नाही तो घेतला असता. बाकी तुम्ही दोघं ठरवा."

नंतरच्या पंधरवड्यात आम्ही आणखी चार पाहिले. एकाच्या तारा गंजून तुटायला आल्या होत्या. एकात हिवाळाभर उंदरांनी संसार केला होता, गादीच्या आत घरटी आणि कॅनव्हासला पावलीएवढी भोके. एकाच्या चौकटीवर ठोकलेला क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक जुळेना. तिथे आम्ही चहासुद्धा घेतला नाही. एक विकला गेला होता. वसंत ऋतूत सगळ्यांनाच हौस येते आणि भाव चढतात. पानगळीत, मिटायच्या वेळी, हाच माल स्वस्त मिळतो असे प्रत्येकजण सांगे. पण आमची परतीची तिकिटे मेअखेरची होती आणि लेकीला आमच्या देखत घ्यायचा होता.

शेवटचा मिडलबरीच्याच बाजूला मिळाला. १९९९ सालचा, आठ फुटी पेटी, रिकामा साधारण १,४०० पौंड. फ्रिज नाही, बर्फाची पेटी. हीटर नाही. जावयाच्या तक्त्यात ४१ गुण. आमच्याकडे काठावर उत्तीर्ण. विकणारी सत्तरीच्या पुढची एकटी बाई होती. तिने तो गोठ्यासारख्या मोठ्या शेडमधून आधीच बाहेर काढून उघडून ठेवला होता, दोन्ही दारे-खिडक्या सताड. आत वास होता तो साबणाचा आणि थोडा जुन्या कापडाचा. जमीन टणक. छपराला एक डाग होता, तो कधीचा आणि कशाने बुजवला ते तिने आपणहून सांगितले. मग तिने जावयाच्या हातात एक वही दिली. जावयाने दोन पाने चाळून ती माझ्याकडे दिली.

आयुष्यभर लॉगबुके, हजेरीपट आणि डेडस्टॉक रजिस्टरे तपासल्यामुळे मला वही वाचता येते. खोटी वही एका बसणीत लिहिलेली असते. शाई एक, झोक एक. ही खरी होती. तिच्या नवऱ्याने प्रत्येक फेरीची एक ओळ लिहिली होती: तारीख, ठिकाण, किती मैल, पाऊस पडला की नाही. मधून मधून बेअरिंग उघडून ग्रीस भरले, तारांना तेल दिले, छपराच्या सांध्यांना नवा मसाला लावला. २०१९ च्या ऑक्टोबरात दोन्ही टायर बदलल्याची नोंद. टायरच्या कडेला शेवटी चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. मी वाकून पाहिले: ३४१९. म्हणजे २०१९ चा चौतिसावा आठवडा. वही आणि टायर एकच बोलत होते. २०२१ च्या सप्टेंबरात अक्षर कापू लागले होते, ती त्या हाताची शेवटची नोंद. त्यानंतर वेगळे अक्षर, गोल आणि सावकाश. मे २०२२: उघडला, वाळवला, मिटला. ऑक्टोबर २०२२: उघडला, वाळवला, मिटला. २०२३ लाही तसेच दोनदा. मैलांच्या रकान्यात शून्य.

मी वही हिच्या हातात दिली. हिला इंग्रजी बेताचे येते, पण शून्ये तिने पाहिली.

बाईने २,६०० डॉलर सांगितले. लेकीने तोंड उघडायच्या आत हिने तिच्या दंडाला चिमटा घेतला, घासाघीस करायची नाही म्हणून. तेव्हा बाई आपणहून म्हणाली की टायर दिसायला चांगले असले तरी पाच वर्षांचे झाले आहेत, ट्रेलरचे टायर वर्षांनी म्हातारे होतात, तेव्हा त्यांचे दोनशे तुम्ही कमी द्या आणि ते आधी बदला. २,४०० डॉलर. आपले दोन लाख रुपये. कागदावर दोघांची नावे लागली. जावयाने हँडल फिरवून छप्पर खाली घेतले तेव्हा बाईने हात पुढे केला आणि कॅनव्हासची एक घडी आत ढकलली, जी बाहेर राहिली असती तर छपराखाली चिमटली असती. ती घडी नेहमी त्याच ठिकाणी बाहेर येते, ती म्हणाली.

नवे टायर घातले, बेअरिंगांत ग्रीस भरून घेतले, मागचे दिवे लागतात ते पाहिले, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे पोकेगॉन स्टेट पार्कला गेलो. फोर्ट वेनपासून उत्तरेला तासाभरावर, जेम्स नावाच्या तलावाच्या काठी. इतिहास हा माझा विषय, म्हणून नावाची चौकशी केली. पोटावाटोमी जमातीचे लिओपोल्ड आणि सायमन पोकेगॉन ह्या पिता-पुत्रांचे हे नाव. १८३८ साली उत्तर इंडियानातल्या पोटावाटोमींना सैनिकांच्या पहाऱ्यात चालवत कान्सासकडे नेले, वाटेत कितीतरी माणसे, त्यांत मुले फार, मेली. लिओपोल्डचा गट मात्र शेजारच्या मिशिगनमध्ये राहू शकला. त्याने करार करून घेतला आणि पैसे जमवून तिथे रीतसर जमीन विकत घेतली. हे मी शेकोटीपाशी सांगितले. लेक म्हणाली, "बाबा, इथं तरी शाळा नको." पण जावयाने विचारले, किती एकर?

रात्री मुलांनी आम्हाला कॅम्पर दिला आणि स्वतः शेजारी तंबू ठोकला. लग्नाला एकतीस वर्षे झाली. ह्या काळात आमचा प्रवास म्हणजे लग्ने, बारशी, बोर्डाच्या पेपर-तपासणीची केंद्रे आणि पन्नास मुलांची सहल. दोघेच असे आम्ही कुठे रात्र काढली नव्हती. बाहेर अकरा अंश थंडी. हिने कानाला मफलर गुंडाळला, वर दोन रजया घेतल्या आणि अंधारात म्हणाली, "अहो, त्या बाईनं मिटताना दरवेळी आत बसून पाहिलं असेल का हो?" मी म्हणालो, पाहिलं असेल. त्यावर ती काही बोलली नाही.

दोनच्या सुमारास पाऊस आला. कॅनव्हासवरचा पाऊस कौलांवरच्या पावसासारखा दूर वाजत नाही, तो कानाशी येऊन वाजतो. दहा मिनिटांत तंबू गळू लागला आणि आमची लेक-जावई उशा डोक्यावर धरून धावत आत आली. मग चौघे त्या आठ फुटांत. मी शेगडी पेटवली, हिने आल्याचा चहा केला, खलबत्ता शेवटी कामाला आला. जावयाने मान वर करून छप्पर कोपऱ्याकोपऱ्यातून बॅटरीने पाहिले. कुठे थेंब नव्हता.

सकाळी पाऊस थांबला नव्हता, त्यामुळे ओलाच मिटावा लागला. ओला मिटलेला कॅम्पर एक-दोन दिवसांत उघडून वाळवला नाही तर कापडाला काळी बुरशी धरते आणि ती मग जात नाही. मुलांच्या अपार्टमेंटच्या आवारात ट्रेलर उभा करायला बंदी. म्हणून शहराबाहेर महिना चाळीस डॉलर भाड्याने घेतलेल्या जागेवर, कुलुपे लावलेल्या दोन-तीनशे वाहनांच्या मधोमध, आम्ही सोमवारी संध्याकाळी तो उघडला, बिछाने ओढले, खिडक्यांच्या चेन उघडल्या आणि चौघे मोटारीच्या टपावर डबा ठेवून जेवत बसलो. राखणदार विचारायला आला, इथं राहायला परवानगी नाही. राहत नाही, वाळवतोय, असे लेकीने सांगितले. तो थांबला, आत डोकावला आणि लवकर आटपा म्हणून गेला.

मेअखेर आमची शाळा सुरू झाली. ती दोघे तिथेच आहेत, रांगही आहे तिथेच. त्या ऑक्टोबरात लेकीचा फोन आला, की ह्या हंगामात अकरा फेऱ्या झाल्या, आता थंडी सुरू झाली म्हणून पेटी मिटून ठेवली. मी विचारले, वाळवून मिटलीत ना?

"हो बाबा, दोन दिवस उघडी ठेवली होती. वहीतही लिहिलंय."

"मैल?"

"तेपण लिहिलेत."

हिने फोन घेतला. "आणि उंदरांचं काय केलंत गं?"